झिंग्यांचा उपास

झिंगा खोटं बोलत नाही. तो जे खातो तेच त्याच्या अंगात उतरतं, आणि अंग काचेसारखं असल्यामुळे ते दिसतंसुद्धा. खोटं बोलतं ते पाकीट. पाकिटावर हसरं मूल असतं, हिरवं पान असतं, आणि मागे बारीक अक्षरात एकच आकडा असतो: प्रथिने, शंभर ग्रॅममध्ये इतकी. त्या एका आकड्यावर राज्यातल्या अंगणवाड्यांमधली पोरं वाढत होती. वाढत होती म्हणजे वजनकाट्यावर वाढत होती. डोक्यात काय पोचतंय ते कुणी मोजत नव्हतं.

समुद्रातली मासळी आटल्यावर सरकारला गोडं पाणी आठवलं. पूर्व विदर्भातल्या तलावांत आणि बोड्यांत, म्हणजे मातीची पाळ घालून अडवलेल्या लहान तळ्यांत, नखाएवढा झिंगा असतो. मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. वास येतो म्हणून त्यांच्या पोरांना वर्गात मागच्या बाकावर बसवणारे लोक होते, आणि त्याच लोकांची नातवंडं आता नागपूर-पुण्यात तोच झिंगा चांदीच्या रंगाच्या पाकिटातून, दुधात ढवळून पीत होती. अंगणवाडीतही खिचडीवर एक चमचा झिंगापूड आली. ज्या घरांत चालत नव्हती तिथल्या पोरांना शेंगदाण्याचा लाडू.

सावरटोल्याच्या रानबोडीवर बायकांची मत्स्य संस्था होती, आणि तिची अध्यक्ष हर्षला वलथरे. नवरा रायपूरला सोलरच्या कामावर, घरात सासू पुस्तकला आणि चार वर्षांची गुंजन. हर्षलाचा आवाज तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जायचा, आणि बहुतेक वेळा कुणाची तरी हजेरी घ्यायलाच जायचा.

सावरटोल्याची पूड प्रसिद्ध होती. बाकीच्या गावांची पूड मातकट, काळपट. यांची पिठासारखी गोरी. कारण होतं उपास. झिंग्याच्या पाठीतून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ जाते. ते त्याचं आतडं, आत चिखल, शेवाळ, जे खाल्लं असेल ते. सावरटोल्यात पकडलेला झिंगा थेट सुकवायला जात नसे. बोअरच्या स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत बांबूच्या टोपल्या बुडवलेल्या असत, त्यात तो दोन दिवस उपाशी राही. पाणी बदलत राहायचं. काळी रेघ पुसली गेली, झिंगा आरपार दिसू लागला, की मगच सुकवायच्या सोलर पेटीत.

ही रीत पुस्तकलाबाईची. तरुणपणी ती डोक्यावर टोपली घेऊन तालुक्याच्या बाजारात बसायची. एकदा एका धोतरवाल्याने छत्रीच्या टोकाने तिचा माल उकरला, काळी रेघ दाखवली आणि चारचौघांत म्हणाला, पोटात घाण घेऊन फिरणारा माल आणि तशीच माणसं. बाजार हसला. त्या दिवसापासून तिने एकही झिंगा भरल्या पोटाने विकला नाही. पुढे गावातल्या सगळ्या बायका तिच्याकडून उपास घालायला शिकल्या. कोणी सावरटोल्याचा माल उकरून पाहिला तर त्याला आत काही सापडायचं नाही. पुस्तकलाबाईंना याचा फार अभिमान होता आणि हर्षलालाही.

त्या हिवाळ्यात मृणाली आली.

मृणाली हर्षलाची धाकटी बहीण. आई गेल्यावर ती हर्षलाच्या सासरीच वाढली, पुस्तकलाबाईंच्या हातचं खाऊन, त्यांना मावशी म्हणत. पुढे नागपूरला शिकली आणि सत्त्वधारा नावाच्या कंपनीत झिंग्याच्या खाद्यावर काम करू लागली. कंपनीच्या गाडीतून उतरली तेव्हा हातात दोन गोष्टी होत्या. एक बरणी, आत कंपनीच्या टाकीतले जिवंत झिंगे. आणि एक यंत्र, टॉर्चएवढं, त्याला कंपनी पारख म्हणायची.

सुकवणीच्या छपराखाली बायका जमल्या. मृणालीने त्यांना जे सांगितलं ते असं. प्रथिनं म्हणजे घराच्या विटा. झिंग्याला कोंडा घाला, सोयाची पेंड घाला, शेवाळ घाला, विटा तो जवळपास सारख्याच रचतो, कारण त्याशिवाय त्याला झिंगा होताच येत नाही. चरबीचं तसं नाही. चरबी तो बरीचशी खाल्ली तशीच अंगाला लावतो. चरबीच्या काही साखळ्या आखूड असतात, काही लांब. लांब साखळ्यांची चरबी पोराच्या डोळ्याच्या पडद्यात लागते, मेंदूच्या पेशींच्या भिंतीत लागते, आणि सगळ्यात जास्त लागते ती पहिल्या काही वर्षांत. झिंगा ती स्वतः फारशी बनवू शकत नाही. माणूसही नाही. ती बनवतं शेवाळ. शेवाळ झिंगा खातो, झिंगा पोर खातं. मधे शेवाळाच्या जागी कोणी पेंड ठेवली तर झिंगा तसाच दिसतो, तशाच उड्या मारतो, प्रथिनं तेवढीच भरतात, फक्त लांब चरबी ताटापर्यंत येत नाही.

पारख हे ओळखायची. झिंगा आरपार असतो म्हणूनच ते जमत होतं. यंत्र त्याच्या अंगात बारीक उजेड सोडायचं, प्रत्येक चरबी तो उजेड आपापल्या परीने किंचित बदलून परत पाठवायची, आणि यंत्रावर दोन पट्ट्या उमटायच्या. निळी लांब चरबीची, पिवळी आखूड चरबीची.

मृणालीने कंपनीचा झिंगा धरला. निळी पट्टी टोकापर्यंत धावली. मग ती टाकीपाशी गेली, टोपलीतून सावरटोल्याचा झिंगा उचलला, गोरा, स्वच्छ, आरपार. निळी पट्टी जेमतेम नखभर उमटली आणि थांबली. तिने दुसरा धरला. तिसरा धरला. तेच.

एवढी वर्षं आपण पोरांना रिकामं खाऊ घातलं, हे कळायला कोणाला भाषण लागत नाही. हर्षलाने मागे पाहिलं. गुंजन टाकीच्या काठावर बसून मूठभर गोरी पूड चाटत होती.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. रानबोडीत सत्त्वधाराचं खाद्य पडेल. कमळं आणि पाणवनस्पती काढाव्या लागतील, कारण खाद्य त्यात अडकतं. सगळा माल कंपनी घेईल, पूड करेल आणि जिल्ह्याच्या अंगणवाड्यांना पुरवेल. बाजाराच्या दिवशी कंपनीचे विहंग सर येतील, तेव्हा ठराव करून सही द्यायची. बायकांचं मन वळलं होतं. हर्षलाचंही. पोटच्या पोरीच्या डोक्याचा प्रश्न असल्यावर कमळं कोण धरून बसतं?

फक्त जेवताना तिने बहिणीला एक साधी गोष्ट विचारली. बरणीतले झिंगे ज्या खाद्यावर वाढले, तेच खाद्य आमच्या बोडीत पडणार ना?

मृणालीने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तो भिजून गळून पडला तरी ती बघत राहिली. म्हणाली, खाद्य सत्त्वधाराचंच असेल.

"मी कंपनीचं नाव नाही पुसलं," हर्षला म्हणाली.

मग जुंपली. हर्षलाने तिला कंपनीची दलाल म्हटलं. मृणालीने उलट सुनावलं की तुम्हाला जुनं ते सगळं पवित्र वाटतं, यंत्राने तोंडावर सांगितलं तरी पटत नाही, आणि तुमच्या अभिमानापायी पोरांचं नुकसान होतं. पुस्तकलाबाई दोघींच्या मधून ताट घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, भांडायचं तर बाहेर भांडा, पोट्टी जेवून रायली. मृणाली हात धुऊन झोपायला गेली. पारख तिथेच फळीवर राहिली.

सकाळी हर्षला ती कमरेला खोचूनच पाण्यात उतरली. राग होता, आणि रागात माणूस काही तरी तपासून बघतो. कमरेएवढ्या पाण्यात कमळांची देठं उभी होती. त्यांच्यावर तपकिरी, बुळबुळीत थर असतो, हात लावला की सटकतो. झिंगे त्यालाच लोंबकळून चरत असतात. तिने एक खुडून काढला. पाठीत काळी रेघ ठळक, पोट टम्म. पारख धरली.

निळी पट्टी टोकापर्यंत गेली.

यंत्र भिजलं असेल असं तिला वाटलं. तिने ते पदराला पुसलं, दुसरा झिंगा धरला. टोकापर्यंत. पलीकडच्या देठावरचा, पाळीजवळचा, गाळातला. गाळातल्याची पट्टी थोडी आखूड, देठावरच्यांची भरगच्च. ती तशीच ओल्या लुगड्याने टाकीपाशी आली आणि उपासाच्या टोपलीतला झिंगा धरला. नखभर.

एकच बोडी, एकाच जातीचा झिंगा. मधे फक्त दोन दिवस आणि स्वच्छ पाणी.

तिने घरासमोर उभं राहून हाक मारली तेव्हा मृणाली दात घासत होती. ब्रश तोंडात ठेवूनच ती टाकीपर्यंत आली. हर्षलाने दोन झिंगे दाखवले, दोन पट्ट्या दाखवल्या. मृणालीने ब्रश काढला. यंत्र हातात घेतलं. मग ती टाकीच्या कठड्यावर बसली.

यात गूढ काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. झिंग्याच्या पोटातलं अन्न तासाभरात बाहेर पडतं. देठावरचं ते तपकिरी शेवाळ काचेच्या कवचाचं असतं, आणि लांब चरबीचा साठा म्हणजे तेच. पोट भरलेला झिंगा खाल्ला तर पोराला झिंगाही मिळतो आणि त्याच्या पोटातलं शेवाळही. उपाशी ठेवला की आधी पोटातलं जातं. मग तो जगायला स्वतःच्या अंगातली चरबी जाळू लागतो. इतक्या लहान जिवाकडे साठा तो किती? बोअरच्या उबदार पाण्यात दोन दिवसांत तो स्वतःला आतून पोखरून घेतो. उरतात विटा. प्रथिनं पुरेपूर, म्हणून पाकिटावरचा आकडा कधी चुकला नाही.

हे सगळं मृणालीला पाठ होतं. कंपनीच्या टाकीतला झिंगा सुकवण्याआधी एक तासही उपाशी राहू नये असा नियम तिनेच लिहिला होता.

"मंग नमुना टोपलीतला कायले घेतला तू?" हर्षलाने विचारलं. "पाणी चार पावलांवर होतं."

मृणाली हसली, पण ते हसणं नीट झालं नाही. "मावशीच्या घरी वाढली ना मी. झिंगा म्हटला की मले तोच दिसते, धुतलेला. काळ्या रेघेचा झिंगा कंपनीच्या गाडीत ठेवायची मलेच लाज वाटली, बाई."

धोतरवाला कधीच मेला असेल. त्याची छत्रीही सडली असेल. पण त्याने उकरलेली ती रेघ दोन पिढ्या पुसत बसल्या होत्या, एक टोपलीत आणि एक प्रयोगशाळेत.

आणि तिथेच, कठड्यावर बसून, मृणालीने बाकीचंही सांगून टाकलं. खाद्यं दोन आहेत. एकाचं नाव शिखर, त्यात शेवाळाचं तेल. ते तिनेच बनवलं होतं आणि बरणीतले झिंगे त्यावरचे होते. त्यावरचा झिंगा चांदीच्या पाकिटात जातो. दुसऱ्याचं नाव पाया. सोयाची पेंड, मक्याचं तेल, रंगासाठी थोडं काहीतरी. ते सरकारी पुरवठ्यासाठी. झिंगा एकच, वजन एकच, प्रथिनं एकच. सरकारच्या निविदेत लांब चरबीचा रकाना नाही, म्हणून कायदा कुठेच मोडत नाही. रानबोडीत पाया पडणार होतं. आणि देठं काढल्यावर शेवाळही जाणार होतं.

नाव काय ठेवलंय बघा. ज्यांच्या पोरांना खाली ठेवायचं त्यांच्या पोत्यावर पाया लिहायचं. हे सुचायलाही माणूस शिकलेला लागतो.

हर्षलाने शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. मग ती शांत झाली आणि म्हणाली की विहंग सर येईपर्यंत वाट बघू, बाजाराच्या दिवशी हे सगळ्यांपुढे बोल. मृणाली म्हणाली, बोलले तर नोकरी जाईल. गुंजनला अंगणवाडीत सोडायची वेळ झाली होती, हर्षला तिची वेणी घालायला गेली.

खरी लढाई घरात होती.

कंपनीला नाही म्हणणं सोपं. पण नाही म्हणून करायचं काय? टोपल्या बंद कराव्या लागतील, झिंगा पाण्यातून काढल्या काढल्या, काळ्या रेघेसकट पेटीत घालावा लागेल. पूड काळपट होईल. हर्षलाने सासूला हे समजावून सांगितलं, यंत्र दाखवलं, पट्ट्या दाखवल्या. पुस्तकलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या टोपलीचा बांबू विणत होत्या, हात थांबला नाही.

"मी चिखल विकणार नाही," त्या म्हणाल्या. "बजारात बसून पाहिली तू? ज्याच्या अंगावर थुंकत नाहीत त्यानं शानपन शिकवू नये."

"आत्या, पोट्ट्यांचं..."

"पोट्टे माहेच हायेत. तुह्या नवऱ्याले याच पुडीवर वाढवलं. बावळट झाला का तो?"

नवरा बावळट नव्हता. पण तो या पुडीवर वाढला नव्हता. त्याच्या लहानपणी घरात झिंगा ताजा शिजायचा, चटणीला, वांग्यात, काळ्या रेघेसकट, कारण घरच्यासाठी कोण उपास घालतो? उपासाचा माल बाजारासाठी होता. अंगणवाडीची पूड आल्यापासून ताजा झिंगा घरात शिजेनासाच झाला, कारण विकायला कमी पडायचा. हे तिने सासूला सांगितलं. पुस्तकलाबाईंचा हात तेव्हा क्षणभर थांबला. मग त्यांनी बांबूची पट्टी पुन्हा वाकवली आणि म्हणाल्या की मी मेल्यावर काय करायचं ते करा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः टाकीत नव्या टोपल्या लावल्या.

बाजाराच्या दिवशी विहंग सर आले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसं कमीच असतात. गोड माणसं फार असतात आणि जगाची बहुतेक नासाडी तीच करतात. तो छपराखाली बसला, चहा घेतला, पुस्तकलाबाईंना वाकून नमस्कार केला. आपल्या मुलीचा फोटो दाखवला, गुंजनच्याच वयाची, आणि आजी, तुमच्यासारखी आजी तिला नाही असं म्हणाला. पुस्तकलाबाईंना तो आवडला. त्यांनी त्याला आपल्या हातची गोरी पूड कागदात बांधून दिली, पोरीसाठी. त्याने ती कपाळाला लावून बॅगेत ठेवली.

मग त्याने करार वाचला. हर्षला उठली आणि तिने उपासाची गोष्ट मांडली, बोडीचा झिंगा पाण्यात भरलेला असतो, आपणच तो रिकामा करतो. बायकांत कुजबुज झाली. विहंग सर हसून म्हणाले की असेलही, पण बोडीचा भरवसा काय, उन्हाळ्यात शेवाळ मरतं, पावसात गढूळ होतं, कंपनीचं खाद्य मात्र बारा महिने एकसारखं. बोलणं चुकीचं नव्हतं. बायका पुन्हा त्याच्याकडे झुकल्या.

तेव्हा मृणाली उभी राहिली. अंगावर कंपनीचंच जाकीट होतं. तिने पिशवीतून दोन बरण्या काढल्या, एक बरोबर आणलेली आणि एक नागपूरहून मागवून घेतलेली, आणि कराराच्या कागदांवर ठेवल्या. दोन्हींत जिवंत झिंगे, सारख्याच आकाराचे, सारख्याच गुलाबी झाकेचे. तिने विहंग सरांकडे न बघता सांगितलं की दोन्ही सत्त्वधाराचेच आहेत. एक शिखरवरचा, शहरात जातो. एक पायावरचा, तुमच्या बोडीत हाच होणार आहे आणि तुमच्या अंगणवाडीत हाच येणार आहे. प्रथिनं दोन्हींत सारखी. बाकी सारखं नाही.

विहंग सरांचा चेहरा पडला, पण आवाज गोडच राहिला. म्हणाले, मॅडम थोड्या भावनिक झाल्यात, गावच त्यांचं आहे. दोन्ही उत्पादनं सरकारी निकषांत बसतात. पाया हे निकृष्ट नाही, परवडणारं आहे. दोन्ही सुरक्षित आहेत, दोन्ही पौष्टिक आहेत, फरक उन्नीस-बीसचा.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. यंत्र काढून दाखवावं म्हणून हर्षलाने कमरेला हात घातला. तेवढ्यात पुस्तकलाबाई पुढे आल्या. त्यांनी सुनेचा हात खाली केला.

"मले यंत्रातलं समजत नाही," त्या विहंग सरांना म्हणाल्या. त्यांनी दोन्ही बरण्या उचलल्या, लुगड्याच्या आड नेल्या, जागा बदलल्या की नाही ते कुणालाच दिसलं नाही, आणि परत त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "बापू, तुमी मनता दोनी चांगल्या. यातली कोन्ती बी एक उचला अन् तुमच्या पोरीले घेऊन जा. मी बांधून देतो."

विहंग सर हसले. हात बरणीकडे निघाला, अर्ध्या वाटेत थबकला, आणि आपोआप, त्यालाही न कळता, जाकिटाच्या खिशाकडे वळला. खिशात पारख होती.

ती बाहेर निघाली नाही. बोटं खिशाच्या तोंडाशी थांबली. पण छपराखाली बसलेल्या प्रत्येक बाईने तो हात बघितला होता. झिंगे पकडणाऱ्या बायका त्या, पाण्यात नखाएवढी हालचाल झाली तरी त्यांना दिसते.

पुस्तकलाबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. रागाने नाही. त्यांनी छत्रीचं टोक पाहिलं होतं, आता खिशाशी थांबलेली बोटं पाहिली. एकाने चारचौघांत माल उकरला होता, दुसरा तो उकरायला खिसा चाचपत होता, आणि स्वतःच्या पोरीसाठी.

"समजलं," त्या म्हणाल्या. "बसा, चहा घ्या अजून."

त्या उठल्या आणि टाकीकडे गेल्या. वाकून एक उपासाची टोपली उपसली, पाणी गळत असतानाच कमरेवर घेतली, पाळ उतरून बोडीच्या काठाशी गेल्या आणि पालथी केली. झिंगे पाण्यात पडले आणि देठांकडे पळाले. मग दुसरी टोपली. तिसरीला हर्षला धावली, चौथीला बाकीच्या. विहंग सर छपराखाली एकटेच उरले. सही राहिलेल्या कागदांवर दोन बरण्या, आणि आत झिंगे आपापल्या पोटात काय आहे ते बिनदिक्कत दाखवत फिरत होते.

मृणालीची नोकरी गेली. तिला त्याचं फार वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. शिखर तिने बनवलं होतं, आणि आपण बनवलेलं दुसऱ्याच्या नावावर सोडून येणं सोपं नसतं. पण खाद्याची विद्या डोक्यात होती, ती कंपनीला काढून घेता आली नाही. उन्हाळ्यात शेवाळ मरतं हे विहंग सरांनी खरंच सांगितलं होतं, म्हणून तिने जुन्या उपासाच्या टाक्यांतच तपकिरी शेवाळ वाढवायला घेतलं. कमळाची देठं कापून त्यात उभी केली. ज्या टाक्यांत झिंगा रिकामा व्हायचा, त्याच टाक्यांत आता त्याचं खाणं पिकू लागलं.

संस्थेने जिल्ह्याला कळवलं की पूड देऊ, पण प्रत्येक पोत्यावर निळ्या पट्टीची लांबी छापू, आणि अंगणवाडीच्या दारात पारख आणि बोडीतल्या जिवंत झिंग्यांची बरणी टांगू, कोणत्याही आईने येऊन धरून बघावी. साहेब लोक म्हणाले, निकषात असा रकाना नाही. हर्षला म्हणाली, मग रकाना आखा, पेन आमच्याकडं आहे. शेजारच्या तीन गावांनी तेच कळवलं, मग आणखी काहींनी. जिल्ह्याला पूड हवी होती आणि बोड्या यांच्या हातात होत्या. रकाना आखला गेला. एकदा एक रकाना आखला गेला की पाया नावाचं पोतं कुणाला परवडणारं राहत नाही.

पहिली नवी पूड पेटीतून निघाली ती खरोखर काळपट होती. बायकांनी ती बोटांत घेऊन चोळली, कोणी नाक मुरडलं, कोणी हसलं. कोणी म्हणालं, ही बाजारात कशी न्यायची? पुस्तकलाबाईंनी मूठभर पूड पदरात घेतली आणि घरी आल्या.

गुंजन अंगणवाडीतून येऊन ताटापुढे बसली होती. आजीने भातावर वरण ओतलं, वर पूड भुरभुरली आणि बोटाने कालवली. वरण मातीच्या रंगाचं झालं. पोरीने तोंड वाकडं केलं.

"आजी, हे काळं कायले हाय?"

पुस्तकलाबाईंनी पहिला घास उचलून तिच्या तोंडाशी धरला.

"भरल्या पोटाचं हाय," त्या म्हणाल्या. "खाय."